व्याह्यांची कावीळ आणि सूनबाईंचं ताट

पत्र:

डॉक्टर, माझा मुलगा साखर कारखान्यात इंजिनिअर आहे. सहा वर्षं थायलंडमध्ये, खोन केन नावाच्या भागात असतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं. आम्ही आधी नाराज होतो, पण पोरगी गुणी निघाली. गेल्या वर्षी आमचे व्याही वारले. चौपन्न वय. अंग पिवळं झालं, खाज सुटली, चार महिन्यांत सगळं आटोपलं. कच्च्या मासळीतून पोटात किडा जातो, त्यानं पित्ताच्या नळीचा कॅन्सर झाला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आता मुलगा फोनवर सहज म्हणतो, "मीही खाल्लाय आई, पाच-सहा वेळा. लिंबू पिळलेलं असतं, काही होत नाही." मी इथल्या मेडिकलमधून जंताच्या गोळ्या पाठवल्या आहेत. दिवाळीला दोघं येणार. माझ्या जाऊबाई म्हणतात, त्या घरात रोग आहे, सुनेचं ताट-वाटी वेगळं ठेव. उद्या नातवंड झालं तर त्याला होईल का? खरं काय ते सांगा.
एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर:

ताई, आधी ताट-वाटीचं. वेगळं काही ठेवायचं नाही. सूनबाईंना सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांच्या ताटांतलं एक ताट द्या. जाऊबाईंना माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

हे मी सुनेची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही, या किड्याचा जन्मच तसा आहे. याला यकृतातला पर्णकृमी म्हणतात. पानासारखा चपटा आणि जेमतेम नखाएवढा लांब असतो. माणसाच्या पित्तनळीत राहून तो अंडी घालतो आणि ती शौचावाटे बाहेर पडतात. ही अंडी दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली तरी काहीच होत नाही. त्यांना आधी गोड्या पाण्यातल्या एका ठराविक जातीच्या छोट्या गोगलगायीनं गिळावं लागतं. गोगलगायीच्या पोटात त्यांची रूपं बदलतात, मग शेपटीवाली पिल्लं पाण्यात सुटतात, कार्प कुळातल्या माशाच्या अंगात घुसतात आणि त्याच्या मांसात कोष करून गप्प बसतात. तो मासा कोणी कच्चा खाल्ला, तरच पुढचा प्रवास. माणूस, गोगलगाय, मासा, पुन्हा माणूस. यातली एकही पायरी गाळता येत नाही. उष्ट्यातून, टॉवेलवरून, एका बाथरूममधून, नवरा-बायकोत, आईच्या दुधातून हा येत नाही. रक्तातून, वंशातूनही नाही. नातवंडाची काळजी त्या खात्यातून काढून टाका.

"त्या घरात रोग आहे" हे मात्र अर्धं खरं आहे, आणि जाऊबाईंच्या मनात आहे त्या अर्थानं नाही. एका घरात चार जणांना हा सापडतो तो चौघं एका परातीतून जेवतात म्हणून. त्याकडे मी शेवटी येते, कारण तुमच्या पत्रात विचारायचं राहून गेलेलं माणूस तिथेच आहे.

आता चिरंजीवांच्या लिंबाबद्दल. त्यानं खाल्लं त्याला तिकडे 'कोय प्ला' म्हणतात. भातखाचरातली, तळ्यातली बोटभर लांबीची मासळी बारीक कोचायची, त्यात लिंबू, मिरची, माशाचं खारं पाणी, भाजलेल्या तांदळाची भरड आणि पाला घालायचा, आणि तसंच चिकट भाताच्या गोळ्याबरोबर खायचं. लिंबानं मासा पांढरा पडतो आणि शिजल्यासारखा दिसतो. सगळी फसवणूक या दिसण्यात आहे. आंबटानं माशाचं मांस आळतं, पण आतल्या कोषाला ढिम्म काही होत नाही. तो कोष मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो, त्यामुळे डोळ्यांना दिसायचाही प्रश्न नाही. मिरचीनं तो मरत नाही, बरोबर घेतलेल्या तांदळाच्या दारूनंही मरत नाही. (ही दारूची समजूत तिकडे पुरुषमंडळींत फार लोकप्रिय आहे. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.) उलट आपल्या जठरातल्या रसानं आणि आतड्यातल्या पित्तानं कोष उघडतो, आणि पिल्लू जिथून पित्त येतं त्याच भोकातून वर सरकत यकृताच्या नळ्यांत जाऊन राहतं. महिन्याभरात मोठं होऊन अंडी घालू लागतं. मग दहा वर्षंही राहतं. भाडं न देणारा भाडेकरू, आणि घर पोखरणारा.

पोखरणं कसं, तेही सांगते, कारण "किड्यानं कॅन्सर" हे ऐकायला भाकड वाटतं. किडा नळीच्या आतल्या अस्तराला चोषकांनी धरून राहतो, ओरबाडतो. तिथे सतत सूज राहते. शिवाय तो स्वतःच्या अंगातून काही प्रथिनं सोडतो. त्यातलं एक, ग्रॅन्युलिन, आपल्या पेशींना भराभर वाढायला लावतं, हे 2009 मध्ये संशोधकांनी दाखवलं. जखम, भरणं, पुन्हा जखम. असं वीस-तीस वर्षं चाललं की नळीभोवती जाड वण धरतो आणि काहींच्यात पुढे कर्करोग. थायलंडमधल्या या कृमीला, ज्याचं शास्त्रीय नाव ओपिस्थॉर्किस विव्हेरिनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1994 मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतात हे नक्की झालेल्या गोष्टींत टाकलं. तंबाखू ज्या गटात आहे, त्याच गटात. चीन, कोरिया, व्हिएतनाममध्ये याचा भाऊबंद आहे, क्लोनॉर्किस. तोही नंतर त्याच यादीत गेला. गंमत म्हणजे या भाऊबंदाचा पहिला पत्ता चीनमध्ये लागला नाही. 1874 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात एका चिनी सुताराचं शवविच्छेदन करताना मॅककॉनेल नावाच्या डॉक्टरला यकृताच्या नळ्यांत तो सापडला. परगावी कामाला आलेला माणूस आपल्या गावचं जेवण पोटात घेऊन आला होता.

तुमचा मुलगा जिथे राहतो तो ईशान्य थायलंड, इसान. पित्तनळीचा कर्करोग जगात इतरत्र दुर्मिळ. आपल्याकडच्या डॉक्टरला वर्षानुवर्षांत मोजके रुग्ण दिसतात. खोन केन प्रांतात त्याचं प्रमाण जगातल्या कुठल्याही नोंदलेल्या जागेपेक्षा जास्त निघालं. त्या गावांत "पिवळा पडून गेला" हे वाक्य आपल्याकडे "हार्टनं गेला" म्हणावं इतकं सवयीचं. मेकाँगच्या खोऱ्यात मिळून कोटभर माणसांच्या पोटात हा कृमी असावा असा अंदाज आहे.

घाबरू नका, लगेच पुढचं ऐका. लागण झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. ज्यांना होतो ते लहानपणापासून, वर्षानुवर्षं, आठवड्याला एक-दोनदा कच्चं खाणारे, साठीच्या आसपासचे. पाच-सहा वेळा खाल्लेल्या तरण्या माणसाला उद्या कावीळ होईल, असं नाही. पण किडा पोटात असू शकतो, आणि असेल तर तो काढायचा. त्याला काही होत नाहीये म्हणजे नाही, असंही समजू नका. बहुतेकांना काहीच होत नाही, फार तर पोट जड वाटतं, वायू होतो. कावीळ, खाज, मातकट पांढरी शौच ही लक्षणं उशिराची.

तुम्ही पाठवलेल्या गोळ्या ही बहुतेक अल्बेंडॅझोलची चारशेची गोळी असेल, शाळेत जंतनाशक दिनाला देतात ती. गोल जंतांना ती उत्तम. या चपट्या किड्याला त्या एका गोळीनं काही होणार नाही, आणि मुलाला मात्र वाटेल, आईनं गोळी दिली, संपलं. याच्यावरचं औषध प्राझिक्वांटेल. मात्रा वजनावर ठरते, एक-दोन दिवसांचं काम असतं. ते आपल्याकडेही मिळतं, पण मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. मुलाला लहानपणी कधी फिट आली असेल किंवा मेंदूत गाठ आहे असं कोणी सांगितलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं. डुकराच्या टेपवर्मची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी झालेले लोक आपल्याकडे आहेत, आणि अशा माणसाला हे औषध दिलं तर झटके येऊ शकतात.

आणि तपासणी तिथेच करू द्या. "दिवाळीला ये, इथे सगळ्या टेस्ट करून घेऊ" हा आपला आईपणाचा सूर मला कळतो, पण इथल्या लॅबमधल्या मुलानं ही अंडी आयुष्यात पाहिलेली नसतात. फार बारीक असतात, आतड्यातल्या दुसऱ्या कृमींच्या अंड्यांसारखी दिसतात. खोन केनचा तंत्रज्ञ ती झोपेत ओळखेल. शेवटचं कच्चं खाल्ल्याला महिना उलटून गेल्यावर शौचाची तपासणी, शक्यतो दोन-तीन दिवसांची, आणि एक सोनोग्राफी. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात हे रोजचं काम आहे. सूनबाईंनीही करावी. दोघांनी एकदम जावं, म्हणजे "तुझ्यामुळे" हा शब्द कोणाच्या तोंडी यायला नको.

मुलगा शिकलेला आहे, मग त्यानं का खाल्लं, असा राग तुमच्या ओळींत दिसला. ताई, सासुरवाडीत पहिल्यांदा पुढे आलेलं ताट नाकारता येतं का? तेही बाहेरच्या जावयाला? तिथे मासे धरून आणले की बांधावरच कोचतात, चार जण वर्तुळात बसतात, एकाच पानातून खातात. नको म्हणणारा माणूस शिष्ट ठरतो. आपल्याकडे जत्रेच्या मटणाला नको म्हणून पाहा.

तिथल्या सरकारनं काही केलं नाही असंही नाही. 1980 च्या दशकापासून त्यांची मोहीम चालू आहे. गावोगाव शौच तपासणी, प्राझिक्वांटेल, संडास बांधणं, "इसान कच्चा मासा खात नाही" अशी घोषणा. मोहिमेआधी इसानमध्ये तीन माणसांतल्या एकाहून जास्त जणांना लागण होती. 2009 च्या राष्ट्रीय पाहणीत ती 16 टक्क्यांच्या आसपास आली. हे यश मोठंच, तरी 16 टक्के म्हणजे लाखो माणसं. गोळी इतकी चांगली लागू पडते की तीच अडचण झाली. लोक म्हणू लागले, खाऊ, मग गोळी घेऊ. वर्षात पुन्हा लागण, पुन्हा गोळी, आणि नळीचं अस्तर दर वेळी नव्यानं सोलवटलेलं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत ही वारंवार लागण-गोळी-लागण साखळी वाईट ठरलेली आहे. म्हणून चिरंजीवांना सांगा, गोळी ही परवानगी नव्हे.

तिथे एक लावा नावाचा तलाव आहे, खोन केन शहराच्या दक्षिणेला. त्याच्या काठच्या गावांत 2007 पासून विद्यापीठाच्या लोकांनी वेगळ्या रीतीनं काम केलं. नुसत्या माणसांना गोळ्या दिल्या नाहीत. मांजरं-कुत्री तपासली (ती माशांची डोकी खातात, त्यांच्या पोटातही हा राहतो. या कृमीच्या नावातला 'विव्हेरिनी' शब्द मासेमार मांजराच्या शास्त्रीय नावावरून आला, कारण पहिल्यांदा तो माणसात नाही, मांजरात सापडला). तलावातले मासे आणि गोगलगायी तपासत राहिले, शाळेत मुलांना शिकवलं, आपल्या आशाताईंसारख्या आरोग्य स्वयंसेविकांना हाताशी धरलं. सुरुवातीला तिथे सरासरी निम्म्या लोकांना लागण होती, ती काही वर्षांत त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली, आणि तलावातल्या माशांमधले कोष जवळजवळ नाहीसे झाले. मला यातलं शाळेचं काम सगळ्यात आवडतं. आजोबा डॉक्टरचं ऐकत नाहीत. नातीनं ताटासमोर बसून "किडा आहे त्यात" म्हटलं की घास अडकतो.

म्हाताऱ्यांचं मन वळवणं मात्र अवघडच. शिजवलं की आंबटढाण होतं, चव जाते, म्हणतात. चाळीस वर्षं खातोय, काय झालं, म्हणतात. आमच्या ओपीडीत तंबाखूवाल्या आजोबांकडून हीच वाक्यं मी तीस वर्षं ऐकली, फक्त त्यांत मासा नव्हता.

आता ते राहून गेलेलं माणूस. तुम्ही मुलाबद्दल विचारलंत, नातवंडाबद्दल, स्वतःच्या घरातल्या भांड्यांबद्दल विचारलंत. विहीणबाईंबद्दल विचारलं नाहीत.

त्या पन्नाशीच्या असतील. व्याह्यांबरोबर त्याच परातीतून तीस वर्षं जेवल्या. सगळ्या पत्रात खरा धोका कोणाला असेल तर तो त्यांना आहे, आणि सुनेच्या मोठ्या भावाबहिणींना, असतील तर. पित्तनळीचा कर्करोग उशिरा कळला की डॉक्टरच्या हातात फारसं काही उरत नाही. व्याह्यांचं तेच झालं, कावीळ दिसेपर्यंत वेळ गेलेली होती. पण सोनोग्राफीत लवकर दिसला तर शस्त्रक्रियेनं काढता येतो. खोन केनमध्येच डॉ. नारोंग खुंतिकेओ नावाचे यकृताचे शल्यविशारद आहेत. त्यांचे आई-वडील दोघेही याच कर्करोगानं गेले. पोर्टेबल सोनोग्राफी मशीन घेऊन गावांत जाऊन लोकांची पोटं तपासणं हे त्यांनी हाती घेतलं, आणि 2013 पासून विद्यापीठाचा मोठा तपासणी कार्यक्रम उभा राहिला. चाळिशीपुढच्या, कच्चं खाल्लेल्या किंवा पूर्वी कृमी सापडलेल्या माणसांनी त्यात यायचं असतं. विहीणबाई त्यात चपखल बसतात. नवऱ्याच्या दुखण्यात, मग दिवसकार्यात, स्वतःचं पोट कोणाला दाखवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. आपल्याकडच्या बायका वेगळं काय करतात?

हे तुमच्या मुलानं सांगून होणार नाही, जावई आहे. सुनेनं सांगितलं तर रडारड होईल. तुम्ही सांगा. सुनेला दुभाषी करा आणि व्हिडिओ कॉलवर म्हणा, मुलं तपासणीला चालली आहेत, तुम्हीही त्यांच्याबरोबर जा, माझं मन शांत होईल. विहिणीनं विहिणीला केलेली विनंती तिथेही मोडवत नसावी.

थोडं इकडचंही, कारण पत्र छापल्यावर फोन येतील. कोकणातली, समुद्रातली मासळी यात नाही. सुशीतला सॅमन हा वेगळा विषय, त्याचे किडे वेगळे. आपल्या रोहू-कटला मात्र त्याच कार्प कुळातल्या, पण आपण त्या तळून किंवा रश्श्यात उकळून खातो, आणि मधोमध वाफ निघेपर्यंत शिजवलेल्या माशात हा किडा जगत नाही. कच्चाच खायचा हट्ट असेल तर मासा उणे वीस अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर मी विसंबणार नाही. बकऱ्याच्या काळजात खाटकाला कधी पानासारखे चपटे किडे सापडतात ते यांचे दूरचे नातलग. ते माशातून येत नाहीत, ओढ्याकाठच्या गवतातून जनावरात जातात. आपल्या ईशान्येला, मणिपूर-नागालँडकडे, अर्धकच्च्या खेकड्यांतून फुप्फुसात जाणारा चपटा कृमी आहे. तिथे थुंकीत रक्त दिसलं की कितीकदा टीबी समजून महिनोन्‌महिने औषधं दिली जातात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आणि मुलानं सासुरवाडीत खायचं काय? आंबवलेल्या मासळीत 'प्ला सोम' दोन-तीन दिवसांचीच असते, ती कच्चीच समजायची. 'प्ला रा' महिनोन्‌महिने मुरवतात. नीट मुरलेलीत भीती फार कमी, तरी उकळून घेतलेली बरी. पण त्याला एक शब्द शिकून घ्यायला सांगा. थाई भाषेत कच्च्याला 'दिप' म्हणतात आणि शिजलेल्याला 'सुक'. हा 'सुक' आणि आपल्या संस्कृतातून तिकडे गेलेलं 'सुख' यांचा उच्चार तिथे अगदी एकच होतो. पानावर बसताना हसून "सुक, सुक" म्हणावं, कोणी रागावणार नाही. तिथल्या तरुण घरांत आता कोचलेला मासा कोरड्या कढईत परतून घेतात आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळतात, म्हणजे आंबटपणा जागच्या जागी राहतो.

दिवाळीत सूनबाईंना तेच करायला सांगा ना. बाजारातून रोहू आणा, काटे तुम्ही काढून द्या. भाजलेल्या तांदळाची भरड त्या करतील, नाहीतर तुम्ही जात्यावर काढा, रव्यापेक्षा थोडी जाड. मासा पुरता पांढरा होऊन सुटा सुटा होईपर्यंत परता. मिरची किती घालू म्हणून त्यांनी विचारलं तर कोल्हापूरचं नाव राखा. पहिला घास जाऊबाईंना द्या.